कोंडा नव्हे, सोरायसिस



‘कोंडा’ हा आपल्या घरांत फार सोयीचा शब्द आहे. खांद्यावर पांढरे कण दिसले की कोंडा, डोके खाजले की कोंडा, केस विंचरताना पापुद्रे निघाले की तोही कोंडाच. मग शिकेकाई बदलून पाहायची, दुकानाच्या फळीवरचा नवा शाम्पू काढायचा, लिंबू चोळायचे, दही लावायचे. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा मूळ पदावर. असे दोन-दोन, चार-चार वर्षे चालते. या सदराकडे आलेल्या पत्रांत अशी काही पत्रे आहेत आणि त्यांपैकी एकातही आजाराचे नाव नाही. एका भगिनींनी लिहिले आहे, ‘मुलीच्या कपाळापर्यंत कोंडा उतरला आहे आणि यंदा स्थळे पाहायची आहेत.’ कपाळापर्यंत उतरणारा कोंडा हा बहुधा कोंडा नसतो. म्हणून यावेळचा लेख डोक्यावरच्या सोरायसिसविषयी आहे.

मी वैद्यकीय व्यवसायातला नाही, हिशेबातला माणूस. परंतु शहापूर आणि मुरबाड येथील शाखांत बरीच वर्षे काढली, आणि काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्याला लोकांची डोकी फार जवळून दिसतात, कारण अर्ज भरताना माणूस मान खाली घालतो. मुरबाडच्या बाजारपेठेतील एक कापडाचे व्यापारी बारा महिने पांढराच सदरा घालीत. दुकानात निळ्या, काळ्या, मरून रंगांची ठाणे रचलेली आणि मालकाच्या अंगावर मात्र पांढरे. लोक त्याला साधेपणा समजत. कारण त्यांनीच एकदा कर्जाच्या कागदांवर सह्या करता करता सांगितले, ‘साहेब, काळा सदरा घातला की गिऱ्हाईक कापडाकडे न पाहता माझ्या खांद्याकडे पाहते.’ गिऱ्हाइकाची नजर हीच ज्याची रोजीरोटी, त्याला हा आजार किती सलत असेल हे वेगळे सांगायला नको.

सोरायसिस हा संसर्ग नव्हे. तो अस्वच्छतेने होत नाही आणि कंगवा, टॉवेल, उशी किंवा न्हाव्याची खुर्ची यांतून एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेला चुकीचा आदेश देत राहते आणि त्वचा भलत्या वेगाने वाढू लागते. निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडण्यास सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. जुना माल खपण्यापूर्वीच नवा माल येऊन गोदामात थप्प्या लागाव्यात, तसे हे पापुद्रे एकावर एक साचतात. जगात किमान दहा कोटी लोकांना हा आजार आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना तो केव्हा ना केव्हा डोक्यावर होतो. अनेकांच्या बाबतीत त्याची सुरुवातच डोक्यावर होते.

कोंडा आणि सोरायसिस यांतील फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कोंड्याचे कण पिवळसर, तेलकट आणि विखुरलेले असतात. खालची त्वचा फारशी जाड झालेली नसते. सोरायसिसचे पापुद्रे कोरडे, चंदेरी आणि थराथरांचे. त्याखाली लालसर, जाड, स्पष्ट कडेचा चट्टा बोटाला लागतो. हा चट्टा केसांची सीमा ओलांडून कपाळावर, कानामागे, मानेवर उतरतो. कोपर आणि गुडघे पाहावेत, तिथेही तसेच चट्टे आढळतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर शंका अधिक बळावते. लहान मुलाच्या डोक्यावर एकाच जागी केस तुटून गोल टक्कल पडले असेल, तर मात्र बुरशीचा विचार आधी करावा लागतो आणि ती घरात पसरते. अंतिम निदान अर्थातच त्वचारोगतज्ज्ञाचे.

आपल्या भागात त्वचेवर चट्टा म्हटला की मनात पहिली भीती महारोगाची येते. आशा सेविका कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेसाठी घरोघरी येतात, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी होते, सोरायसिसमध्ये ती शाबूत असते, किंबहुना खाज सुटते. आणि डोक्याच्या केसाळ त्वचेवर कुष्ठरोग सहसा दिसत नाही. या दोन आजारांची गल्लत आपल्याकडचीच नव्हे. युरोपातही शतकानुशतके दोन्ही एकच समजले जात आणि सोरायसिसच्या रुग्णांना महारोग्यांची वागणूक मिळे. १८४१ साली व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी दोन्ही आजार निःसंदिग्धपणे वेगळे केले. म्हणजे वैद्यकशास्त्राने हा घोळ मिटवून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या सोयरिकीच्या बैठकींत तो अजून मिटलेला नाही.

या संदर्भात एक कायदेशीर बाब सांगतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नोंदलेले होते. २०१९ साली संसदेने तेही वगळले. सोरायसिस त्या यादीत कधीच नव्हता. ज्या आजाराला कायद्याने कधी दोष मानले नाही, त्यापायी आपण मुलींना वर्षानुवर्षे ओढणीखाली ठेवतो आणि उपचारासाठी गावातल्या डॉक्टरकडे जाणेही टाळतो, कारण ‘कोणी पाहील’. आनुवंशिकतेचे म्हणाल, तर आई-वडिलांपैकी एकाला सोरायसिस असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दहा-पंधरा आणि दोघांनाही असल्यास चाळीसच्या आसपास मानली जाते. याचा दुसरा अर्थ असा की एकाच पालकाला आजार असेल तर बहुसंख्य मुले त्यापासून मुक्त राहतात. साखरपुड्यापूर्वी समोरच्या घराला हे सरळ सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नानंतर उशीवर पापुद्रे दिसून जो अविश्वास उत्पन्न होतो, तो आजारापेक्षा जड पडतो.

आता या विषयातील खऱ्या धोक्याकडे येतो. धोका आजारापेक्षा अर्धवट उपचाराचा अधिक आहे.

शहापूर तालुक्यातील एका किराणा व्यापाऱ्याची हकिकत मला ठाऊक आहे. डोक्यावरचे चट्टे अंगावर पसरू लागले, तेव्हा कोणीतरी एका ‘हमखास’ इंजेक्शनाची वाट दाखविली. इंजेक्शन घेतले की आठवड्यात अंग स्वच्छ. मग प्रत्येक लग्नसराईपूर्वी एक, दिवाळीपूर्वी एक असा क्रमच पडला. इंजेक्शन कशाचे, याची चिठ्ठी कधी मिळाली नाही आणि यांनीही मागितली नाही. एका वर्षी काही कारणाने ते घेणे राहिले, आणि पंधरा-वीस दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत सर्व त्वचा लाल झाली, थंडी वाजून ताप भरला, अंगावरची साल भुश्यासारखी गळू लागली. मुंबईच्या रुग्णालयात कित्येक दिवस काढावे लागले. ते स्टिरॉइडचे इंजेक्शन असावे, असे तेथील डॉक्टरांचे मत पडले. पोटातून किंवा इंजेक्शनाने घेतलेले स्टिरॉइड सोरायसिसला झटपट दाबते आणि ते थांबताच आजार दुप्पट जोराने, कधी कधी जीवघेण्या स्वरूपात उसळतो. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ सोरायसिससाठी ते शक्यतो टाळतात. चक्रवाढ व्याजाचे कर्ज घेऊन मुद्दल फिटल्याचा आनंद मानावा, तसा हा प्रकार आहे.

त्याचे धाकटे भावंड म्हणजे मेडिकलच्या दुकानातून मागून घेतलेली मिश्र क्रीम. एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक. कोणत्याही खाजेवर ती चोळली जाते. महिनोन् महिने लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, कपाळावर पुरळ येते आणि मूळ आजाराचे रूप इतके बदलते की तज्ज्ञालाही ओळखणे अवघड जाते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री बंद केली. आपल्या समाजातील अनेक घरांची औषधांची दुकाने आहेत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते हे मी जाणतो. तरीही ही नोंद त्यांच्यासाठीही आहे.

याचा अर्थ स्टिरॉइड हे विष आहे असा नव्हे. डोक्याच्या सोरायसिसवर डॉक्टर स्वतः जे पहिले औषध देतात, ते बहुधा स्टिरॉइडचे लोशनच असते. फरक मुदतीचा आहे. ते दिवसातून एकदा, साधारण दोन ते चार आठवडे, नंतर आठवड्यातून दोनदा, अशा उतरत्या क्रमाने दिले जाते. मुदत संपली की थांबायचे किंवा डॉक्टरांना दाखवायचे. बाटली उरली म्हणून लावीत राहायचे नाही.

डोक्यावर औषध लावणे हे हातावर लावण्याइतके सोपे नसते, आणि निम्मे उपचार येथेच फसतात. औषध केसांना लागते, त्वचेला लागतच नाही. जाड पापुद्र्यांचा थर असेल तर त्यावर ओतलेले लोशन वरच्यावर वाहून जाते. म्हणून आधी थर मऊ करावा लागतो. रात्री कोमट खोबरेल तेल मुळांशी लावून डोक्याला जुने सुती कापड गुंडाळावे. डॉक्टरांनी सॅलिसिलिक ॲसिड असलेले मलम दिले असेल तर ते तेलापेक्षा अधिक काम करते. सकाळी कोलटार असलेला शाम्पू लावून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा, मग धुवावे. कोलटारला डांबराचा वास येतो आणि पांढऱ्या केसांवर किंवा उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडतो; वेगळा अभ्रा ठेवावा. मऊ झालेले पापुद्रे बोथट दातांच्या कंगव्याने, कंगवा आडवा धरून, अलगद सोडवावेत. नखांनी कदापि नाही. खरवडल्याने रक्त येते, जंतूंचा शिरकाव होतो आणि त्याहून वाईट म्हणजे जखम झालेल्या जागी नवा चट्टा उगवतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख कोबनर यांनी एकोणिसाव्या शतकात हे निरीक्षण नोंदविले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यानंतर लोशन. केसांचा भांग पाडावा, बाटलीचे टोक त्वचेजवळ नेऊन दोन-तीन थेंब सोडावेत, बोटाच्या टोकाने पसरावेत. मग अर्ध्या इंचावर पुढचा भांग. लांब केसांच्या स्त्रियांना हे एकट्याने जमत नाही. सासू, जाऊ किंवा पती यांपैकी कोणीतरी रात्री दहा मिनिटे दिली पाहिजेत. घरात आजार लपविलेला असेल तर हे दहा मिनिटांचे साहाय्य कोणाकडे मागणार? कॅल्सिपोट्रिऑल हे जीवनसत्त्व-ड वर्गातील औषध स्टिरॉइडच्या जोडीने दिले जाते. सॅलिसिलिक ॲसिडसोबत एकाच वेळी लावल्यास ते निकामी होते, म्हणून दोहोंच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. केस कापल्याने किंवा मुंडन केल्याने आजार जात नाही, औषध लावणे तेवढे सोपे होते. केस गळाले तरी बहुतेकांचे पुन्हा येतात. चट्टे चिघळलेले असताना केसांना रंग लावणे टाळावे.

येथे केशलोचाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. एखाद्या साधू-साध्वीजींच्या डोक्यावर सोरायसिस असेल, तर केस उपटल्याने होणाऱ्या सूक्ष्म जखमांतून चट्टे वाढू शकतात. निर्णय सर्वस्वी गुरुभगवंतांचा. परंतु मुंबई-नाशिक महामार्गाने विहार करीत शहापूरच्या मानस मंदिरात मुक्काम पडतो, तेव्हा वैयावच्च करणाऱ्या श्रावकांनी ही वैद्यकीय बाब त्यांच्या कानावर घालणे गैर ठरू नये.

शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्ट्यात झाडपाल्याची औषधे देणारी जाणती माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी मला अनादर नाही. काळा कुडा या झाडाची पाने खोबरेल तेलात भिजवून केलेले तेल दक्षिणेतील सिद्ध वैद्यकात सोरायसिसवर वापरतात, आणि हे झाड आपल्याही रानात आहे. बावचीचे महत्त्व तर आधुनिक शास्त्रानेही ओळखले. तिच्यात सोरालेन नावाचे द्रव्य असते. सोरालेन वर्गातील औषध आणि अतिनील किरण यांच्या एकत्रित उपचाराची पद्धत १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि सोरायसिसच्या उपचारात ती मोठी पायरी ठरली. मात्र तेथे औषधाची मात्रा आणि किरणांचा वेळ मोजलेला असतो. बावचीचे तेल चोळून उन्हात बसणाऱ्याची त्वचा भाजून फोड येतात. आणि ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, पण जी तीन दिवसांत गुण देते, तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा संशय धरावा. अस्सल झाडपाला इतका घाईत नसतो.

लावायच्या औषधांनी भागले नाही तर पोटातील औषधे येतात. त्यांतील सर्वांत जुने आणि स्वस्त म्हणजे मेथोट्रेक्झेट. याविषयी एकच गोष्ट, पण ती घरातील प्रत्येकाने पाठ करावी अशी: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नव्हे. इतर गोळ्यांच्या डब्यात पडून ती चुकून रोज घेतली गेल्यास तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी घटतात आणि प्राणावर बेतते. वार ठरवावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वारी खूण करावी, गोळी वेगळ्या डबीत ठेवावी. यकृत आणि रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने कराव्या लागतात. मद्य वर्ज्य. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने हे औषध घेऊ नये, पुरुषानेही आधी डॉक्टरांशी बोलावे.

पर्युषण जवळ आले की अठ्ठाई करू इच्छिणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. मेथोट्रेक्झेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. दीर्घ उपवासात शरीरातील पाणी कमी झाले तर ते साचून राहते आणि त्याचा विषारी परिणाम होऊ शकतो. त्या काळात गोळी घ्यावी की थांबवावी, हे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मनाने ठरवू नये. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची मागून घ्यावी, त्यात औषधाची अडचण सहसा येत नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल काही जण सुचवितात. त्या आपल्याला चालणाऱ्या नाहीत आणि त्यांवाचून उपचार अडतही नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हेही विचारता येते. बायोलॉजिक इंजेक्शने आता भारतातही तयार होतात. बंगळूरच्या बायोकॉनच्या इटोलिझुमॅबला २०१३ साली परवानगी मिळाली. त्यांचा खर्च मोठा असतो, सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, आणि ती बहुधा प्राण्यांच्या पेशींच्या संवर्धनातून बनतात, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी आधी जाणून घ्यावे.

आजार उसळण्याची कारणेही लक्षात ठेवावीत. पौषात म्हसा येथील यात्रेच्या सुमारास कोरडी थंडी पडते, तेव्हा त्रास वाढतो. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, तंबाखू, मद्य ही ठाऊक असलेली कारणे. कमी ठाऊक असलेले म्हणजे रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा-ब्लॉकर वर्गातील, आणि हिवतापावरील क्लोरोक्विन. गोळी स्वतःहून बंद करू नये, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असतील, टाच दुखत असेल, तर तेही सांगावे. हा आजार काहींच्या सांध्यांतही उतरतो आणि उशीर झाल्यास सांधे कायमचे वाकतात. गादीवर बैठे काम करणाऱ्यांनी वजन, साखर आणि हृदय यांकडेही पाहावे, कारण सोरायसिस त्यांच्याशी निगडित आहे.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय; त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात याची आधी चौकशी करावी. ई-संजीवनी या शासकीय सेवेवरून फोनवरही सल्ला मिळतो. आसनगावहून लोकलने सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचे केईएम गाठता येते. मुरबाडकरांना रेल्वे नाही, त्यांना एसटीने कल्याण गाठावे लागते; त्यामुळे आठवड्यातून तीनदा घ्यायचा किरणोपचार त्यांना परवडत नाही, शिवाय केसांखालच्या त्वचेपर्यंत किरण नीट पोचत नाहीत. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, म्हणजे ते त्याप्रमाणे योजना आखतात.

आरोग्य विमा घेताना सोरायसिस अर्जात अवश्य लिहावा. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला गेला आहे. लपविलेला आजार मात्र पुढे सांधेदुखीच्या दाव्यातही आडवा येतो.

पहिल्या भेटीला जाताना डोके धुऊन, तेल चोपडून जाऊ नये. डॉक्टरांना चट्टा आहे तसा दिसला पाहिजे. तो सर्वाधिक वाढलेला असताना मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे. आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, बाटल्या आणि पुड्या, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून न्याव्यात. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटेही त्याच पिशवीत.